बेरीज पाच

माझ्या दुकानात जी विद्या चालते, तिच्यातली बरीचशी मला गाड्यांच्या माणसांनी दिली. पण जी रोज कामाला येते, ती दिली अशा एका माणसाने, ज्याने माझ्या जिप्सीआधी कधी कुठल्या गाडीचं बॉनेट स्वतःच्या हाताने उघडलं नसेल. ते तारापूरच्या अणुवीज केंद्रातून, म्हणजे आमच्याकडच्या बोलीत टॅप्समधून, इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन म्हणून निवृत्त झाले होते आणि कॉलनीतलं घर सोडून बोईसर स्टेशनजवळ राहायला आले होते. मी त्यांना काका म्हणायचो. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, कारण आपलं नाव कुठे छापून यावं असं त्यांना कधीच वाटलं नाही. ऋण मात्र लिहायचं आहे.

आमची चिकूची वाडी चिंचणीच्या अलीकडे. बाबांनी जुनी जिप्सी घेतली होती, कार्ब्युरेटरवाली. समुद्र इतका जवळ, की वाऱ्यावर मीठ येतं. लोखंडी गज दोन पावसाळ्यांत पापुद्रे सोडतो, तिथे अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलचं काय होणार? बाहेरच्या नळीत गंज धरायचा, केबल जड व्हायची, कधी ओढलेली तिथेच अडकायची. बाबांचा उजवा गुडघा तेव्हापासूनच धरायचा, त्यामुळे ते पेडल त्यांना शिक्षाच झालं होतं. मी मुंबईतलं गॅरेज सोडून नुकताच घरी परतलो होतो. म्हटलं, कार्ब्युरेटर काढून इंजेक्शन बसवू, बाहेरून प्रोग्रॅम करता येईल असा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, लावू, आणि केबलच नको, थ्रॉटलही इलेक्ट्रॉनिक करू. थ्रॉटल बॉडी आणि पेडल कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आलं, वायरिंगचा हार्नेस एका गॅरेजात बनवून घेतला, आरटीओकडची कागदपत्रं पूर्ण झाली. साल २०१३. डहाणूपर्यंत लोकल त्याच वर्षी सुरू झाली होती, आणि पालघर जिल्हा व्हायला अजून वर्ष होतं.

गाडी सुरेख झाली. पहाटे चोक ओढायची गरज नाही, पेडल लोण्यासारखं मऊ. बाबा स्वतः चालवत तारापूरच्या किल्ल्यापर्यंत जाऊन आले आणि बरेच दिवसांनी खुशीत दिसले. मग पाऊस लागला.

पालघरहून मनोरला जाताना वाघोबाची खिंड लागते. चढावर वाघोबाचं देऊळ आहे. येणारे-जाणारे ड्रायव्हर तिथे गाडीचा वेग कमी करून हात जोडतात. त्या रात्री देऊळ मागे टाकलं, आणि पुढच्या वळणावर पेडलमधला जीव गेला. पाय तळापर्यंत गेला तरी इंजिन आपलं पंधराशे फेऱ्यांच्या आसपास घुटमळत राहिलं. डॅशबोर्डवर दिवा लागला. मागे भरलेला ट्रक, वायपर चालू, हेडलाइट चालू, रेडिएटरचा पंखा चालू, शेजारी बाबा. गाडी पहिल्या गिअरमध्ये सरपटत कडेला घेतली. किल्ली बंद करून पुन्हा सुरू केली, तर सगळं जिथल्या तिथे. जणू काही झालंच नाही. मनोरपर्यंत नीट गेली आणि परतताना पुन्हा तेच. बाबा काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून ते वाडीबाहेर जायचं असलं की रिक्षा बोलवायला लागले.

ज्यांना या यंत्रणेची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. केबलच्या गाडीत पाय थेट थ्रॉटलची झडप ओढतो. इलेक्ट्रॉनिकमध्ये पाय फक्त विनंती करतो. पेडलमध्ये दोन सेन्सर असतात, ते पाय किती दाबला हे ईसीयूला सांगतात. ईसीयू ठरवतो झडप किती उघडायची, आणि थ्रॉटल बॉडीतली छोटी मोटर ती दातेरी चाकांच्या मदतीने फिरवते. झडप खरोखर तेवढी उघडली का, हे सांगायला तिथेही दोन सेन्सर. एकाचा व्होल्टेज झडप उघडेल तसा चढतो, दुसऱ्याचा उतरतो. दोघांचं जमलं नाही की ईसीयू मोटरचा प्रवाह तोडतो. मग आतली स्प्रिंग झडपेला जराशा उघड्या जागी आणून ठेवते, म्हणजे गाडी बंद पडत नाही, रांगत घरी येते. माझ्या जिप्सीने वाघोबाच्या खिंडीत केलं ते हेच. स्कॅनर लावला की पी २१३५ हा कोड यायचा: थ्रॉटलचे दोन सेन्सर एकमेकांशी जुळत नाहीत.

बोईसर-पालघरमधल्या ओळखीच्या गॅरेजवाल्यांना विचारलं. बहुतेकांनी थ्रॉटल बॉडी बदल म्हणून सांगितलं. मी बदलली. कोड तोच. एकाने, मनापासून मदत करायच्या भावनेने, दुसरा उपाय सांगितला: दुसऱ्या सेन्सरची तार काप, पहिल्याच सेन्सरचा सिग्नल एका छोट्या सर्किटमधून उलटा करून दुसऱ्या पिनलाही दे. ईसीयूला वाटेल दोघं कायम जुळतात, कोड जन्मात येणार नाही. असं लोक करतात. आजही करतात.

काकांची आणि माझी ओळख तोवर जुजबी होती. त्यांच्या घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीला पाणी घालायला मी जायचो. त्या दिवशी चहा घेता घेता सहज बोललो, की आता दुसरा सेन्सर काढूनच टाकतो. त्यांनी कप खाली ठेवला. “कोण बसतं त्या गाडीत?” मी म्हटलं, बाबा. मग ते जे बोलले ते मला शब्दाला शब्द आठवतं. “अरे, दोन साक्षीदार उभे केलेत ते एकमेकांचं खोटं पकडायला. तू एकाला घरी पाठवून दुसऱ्यालाच दोनदा बोलायला लावणार. मग तो जे बोलेल ते खरं धरायचं?” इतक्या वर्षांत मी त्यांना रागावलेलं पाहिलं ते तेवढंच.

टॅप्समधल्या कामाबद्दल ते काही सांगायचे नाहीत. तिथलं तिथे, असा त्यांचा शिरस्ता होता. पण तत्त्व सांगायला हरकत नव्हती. तारापूरचं केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं, देशातलं पहिलं अणुवीज केंद्र. पहिले दोन संच अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचे, पुढचे ५४० मेगावॉटचे दोन आपल्या बनावटीचे, २००५ आणि २००६ मध्ये सुरू झालेले. काकांची नोकरी या दोन्ही पिढ्यांमधून गेली. महत्त्वाची गोष्ट तिथे एका मापकाच्या भरवशावर सोडत नाहीत, हे त्यांनी मला वहीत आकृती काढून समजावलं. आपल्या जड पाण्याच्या अणुभट्ट्यांमध्ये तीन स्वतंत्र वाहिन्या एकच गोष्ट मोजतात आणि तिघांपैकी दोघांनी धोका सांगितला की भट्टी बंद. एक बिघडला म्हणून उगाच बंद पडायला नको, आणि एक बिघडला म्हणून धोका सुटायलाही नको.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती तर एमआयडीसीतल्या कुठल्याही कारखान्यात दिसते, पण तिच्यामागचं कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये सिग्नल शून्यापासून सुरू करत नाहीत, ४ ते २० मिलिअँपिअर ठेवतात. टाकी पूर्ण रिकामी असली तरी तारेतून ४ मिलिअँपिअर वाहत असतात. तार तुटली तर मात्र खरोखरचा शून्य येतो. त्यामुळे रिकामी टाकी आणि तुटलेली तार यांत गल्लत होत नाही. “तुझा सेन्सर कुठून सुरू होतो?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, साधारण अर्ध्या व्होल्टपासून साडेचारपर्यंत. ते हसले. “म्हणजे तुझ्या मोटारवाल्यांनाही ठाऊक आहे की.”

त्या रविवारी ते वाडीवर आले. सोबत कापडी पिशवीत मल्टिमीटर, भिंग, टाचण्यांची डबी, दोनशे पानी वही. आईने पोहे पुढे केले, तर म्हणाले, वहिनी, आधी काम. पहिलं काम त्यांनी मला दिलं ते रकाने आखायचं. पहिला सेन्सर, दुसरा सेन्सर, बेरीज. शेवटचा रकाना कशाला, ते मला कळेना.

“एक चढतो, एक उतरतो. दोघांना तेच पाच व्होल्ट दिलेत. मग झडप कुठेही असो, बेरीज किती यायला हवी?”

पाच.

किल्ली चालू, इंजिन बंद. ०.६ आणि ४.४. बेरीज पाच. हाताने झडप हळूहळू उघडली, प्रत्येक टप्प्याला लिहिलं. बेरीज पाच. थ्रॉटल बॉडी निर्दोष होती, जुनीसुद्धा निर्दोष असणार. मग काका म्हणाले, ती रात्र आठव, काय काय चालू होतं? हेडलाइट लावले. बेरीज ५.१. पंखा जोडून चालू केला. ५.३. वायपर लावला, आकडा आणखी सरकला. झडप जागेवरून तसूभरही हललेली नव्हती, तरी दोन्ही सेन्सर एकदम वर चढत होते. आणि जिथे एकाने उतरायचं, तिथे दोघे मिळून चढतात याचा अर्थ एकच: दोघांच्या पायाखालची जमीन वर येते आहे.

मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवली, लाल पिन सेन्सरच्या अर्थवर. सगळं बंद असताना काहीच नाही. दिवे आणि पंखा चालू करताच तीनशे मिलिव्होल्टच्या वर. जिथे जेमतेम काही मिलिव्होल्ट दिसायला हवेत, तिथे हे. तारेमागे तार धरत गेलो तर मडगार्डच्या आतल्या एका बोल्टवर तीन थिंबल एकावर एक बसलेले: हेडलाइटची अर्थ, पंख्याची अर्थ आणि सेन्सरची अर्थ. ईसीयूची स्वतःची अर्थ इंजिनच्या ब्लॉकवर. बोल्टखाली रंग खरवडलेला नव्हता आणि आमच्या खाऱ्या हवेने एका पावसात तिथे तपकिरी भुकटी धरली होती. दिवे-पंख्याचा वीसेक अँपिअर प्रवाह त्या गंजातून वाट काढत होता, आणि तिथे साठलेला व्होल्टेज सेन्सरच्या माथी येत होता. दिवसा, कोरड्यात, पंखा बंद असताना गाडी गुणी का वागते आणि पावसाळी रात्री खिंडीत का दगा देते, याचं उत्तर त्या बोल्टखाली होतं. ईसीयूने प्रत्येक वेळी खरं तेच सांगितलं होतं.

सेन्सरची अर्थ तिथून सोडवून थेट ईसीयूच्या त्यासाठीच असलेल्या पिनवर नेली. इंजिन आणि बॉडीच्या मध्ये तांब्याची विणलेली नवी पट्टी टाकली. बोल्टखालचा पत्रा चकाकेपर्यंत घासला, वर ग्रीस लावलं. पुन्हा सगळं चालू करून वही भरली. बेरीज पाच. आईला मी ओरडून सांगितलं, आता पोहे दे.

काकांनी मात्र पिशवी आवरली नाही. “आता पेडल.” मी म्हटलं, पेडलचा कोड कधी आलेलाच नाही. ते म्हणाले, “यायची वाट बघायची का?”

पेडलमध्ये हिशेब वेगळा. तिथे एक सेन्सर दुसऱ्याच्या निम्मा चालतो. एक दोन व्होल्ट म्हणाला तर दुसऱ्याने एक म्हणायला हवं. पाय सावकाश दाबत गेलो, दोनास एक हे प्रमाण नीट होतं. मग काकांनी मीटर नोंद धरून ठेवण्याच्या सेटिंगवर टाकला, आणि कनेक्टरमागची एकेक तार दोन बोटांत धरून अलगद ओढायला सुरुवात केली. ओढायची म्हणजे उपटायची नाही. चिकू पिकला का बघायला जेवढं दाबतो, तेवढंच. चौथ्या तारेला आकडा पडून पुन्हा उभा राहिला. पिन टाचणीने सोडवून भिंगाखाली धरली. त्यांनी मला भिंग दिलं आणि काही न बोलता बघू दिलं. पिनेचे पंजे तांब्यावर आवळायचे ते तारेच्या प्लास्टिकवर आवळले होते. तांब्याचे दोन-तीन केस कसेबसे टेकलेले, आणि त्यांच्यावर पितळी भांड्यावर चढतो तसा हिरवा कळंक. आज ना उद्या मासवणच्या रस्त्यावरच्या एखाद्या खड्ड्यात तेही सुटले असते.

नवी पिन, नीट आवळलेली, वर आतून गोंद असलेली आकसणारी नळी. कनेक्टर तोंड खाली करून बसवला. आणि तार त्याच्याकडे वरून सरळ न आणता आधी खाली झोळ देऊन मग वर चढवली, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकून जातं, कनेक्टरमध्ये शिरत नाही. ही काकांची कारखान्यातली सवय. आमच्या धंद्यात मी ती आधी पाहिली नव्हती. आता माझ्या हातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक गाडीत असते. जाता जाता एक ताकीद दिली: ईसीयू जोडलेला असताना त्या तारांना मेगर, म्हणजे तारांचं इन्सुलेशन तपासायचा मीटर, कधी लावायचा नाही. मोटरच्या वाइंडिंगला पाचशे व्होल्ट सोसतात, या चिपांना नाही.

शेवटचं काम माझं होतं. झडपेची बंद आणि उघडी जागा ईसीयूला नव्याने शिकवायची होती, आणि थ्रॉटलच्या मोटरच्या दोन तारा सेन्सरच्या तारांपासून बाजूला काढून एकमेकींत पिळायच्या होत्या. त्या मोटरला प्रवाह सेकंदाला शेकडो-हजारो वेळा चालू-बंद करून दिला जातो. शेजारून जाणाऱ्या नाजूक सिग्नलमध्ये त्याची कुरकुर उतरते आणि आयडलला झडप थरथरते. ती थरथर आमच्या गाडीत होतीच, मी ती कार्ब्युरेटरच्या काळातल्या इंजिनचं म्हातारपण समजत होतो. तारा पिळल्यावर इंजिन शांत झालं.

त्याच पावसात बाबा मला शेजारी बसवून रात्री खिंड चढून गेले. वाघोबासमोर त्यांनी गाडी थांबवली, उतरून नमस्कार केला, आणि परत आल्यावर विचारलं, “त्यांना काय दिलंस?”

काही दिलं नव्हतं. काकांनी घेतलंच नाही. पाकीट पुढे केलं तर हात मागे घेतला. चिकूची पाटी नेली तीही शेजारच्या चार घरांत वाटली. बरीच गळ घातल्यावर म्हणाले, “वही तुझ्याकडे ठेव. जो विचारेल त्याला दाखव. दुरुस्तीचे पैसे घे, ते तुझं पोट आहे. पण शिकवण्याचे घेऊ नकोस. मला कुणी लावले नव्हते.” त्यांनाही कुणीतरी असंच शिकवलं होतं, त्या माणसाचं नाव ते मोठ्या आदराने घ्यायचे.

पुढे वाचनात एक गोष्ट आली. अमेरिकेत टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारी झाल्या, तेव्हा तिथल्या वाहतूक सुरक्षा खात्याने नासाच्या अभियंत्यांकडून तपासणी करून घेतली. फेब्रुवारी २०११ मध्ये अहवाल आला. गाड्या भरधाव सुटाव्यात असा इलेक्ट्रॉनिक दोष त्यांना सापडला नाही. पण तपासलेल्या एका पेडलच्या सेन्सरमध्ये कथिलाला केसाहून बारीक तंतू फुटलेले दिसले, आणि त्यातल्या एकाने दोन सेन्सरांचे सिग्नल एकमेकांना जोडले होते. मी ते काकांना वाचून दाखवलं. त्यांना तेव्हा भिंगातूनही अक्षरं नीट दिसत नव्हती. ते लक्ष देऊन ऐकत होते. मग म्हणाले, “म्हणजे धातूनेच आपसूक ती जोडणी केली. आणि तू हाताने करायला निघाला होतास.” आवाजात टोमणा नव्हता, काळजी होती. मला अजूनही त्या विचाराने धस्स होतं. त्या रविवारी काका वाडीवर आले नसते, तर बाबांच्या पायाखाली मी काय ठेवणार होतो?

काका गेले त्याला काही वर्षं झाली. काकू मुलीकडे असतात, दिवाळीला मी जाऊन येतो. भिंग त्यांनी मला दिलं. दुकानात आता केबलवाल्या गाड्या क्वचित येतात. जास्त येतात त्या सीएनजी किट बसवल्यानंतर पेडल मरायला लागलेल्या, नाहीतर एमआयडीसीतल्या धुरात आणि खाऱ्या हवेत पिना हिरव्या झालेल्या. किट बसवणारा घाईत अर्थ जिथे बोल्ट दिसेल तिथे मारून मोकळा होतो, आणि तो बोल्ट कुणाकुणाचा आधीपासून आहे हे बघत नाही.

मागच्या पावसाळ्यात शाळेच्या मुलांची ने-आण करणारा एक व्हॅनवाला आला. कोड तोच, पी २१३५. कुणीतरी त्याला तोच उपाय सांगितला होता आणि तो तेवढंच करून मागत होता. सकाळी सातला पहिली फेरी, त्याला वेळ नव्हता. मी नाही म्हटलं. तो चिडला, पैसे जास्त देतो म्हणाला. मी त्याला स्टूल दिलं, मीटर त्याच्याच हातात दिला आणि एसी चालू केला. आकडा सरकताना त्याने स्वतः पाहिला. पुढे अर्ध्या तासाचंच काम होतं: एक थिंबल, हातभर वायर, घासलेला पत्रा. मजुरी सांगितली, त्याने दिली, मी घेतली.

त्याच्याबरोबर एक पोरगा आला होता, आयटीआयला जाणारा. तो वहीजवळ घुटमळत होता. म्हणाला, दादा, या पानाचा फोटो काढू का? मी म्हटलं, फोटो नको, बस इथे, रकाने आखून घे. व्हॅन गेल्यावर तो मागे थांबला आणि संध्याकाळच्या लोकलने पालघरला परतला. आता रविवारी येतो. त्याची फी मी लावलेली नाही.